दफन देवळालीत, नाव खडकीत: असं का?

धुळवडीला मुंबई-पुण्याकडे रंग उडतात. नाशिकचा रंग रंगपंचमीचा, रहाडीतला, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदातला. धुळवडीच्या दिवशी जुन्या नाशकात वीर निघतात. देव्हाऱ्यातला वीराचा टाक काढायचा, घरातल्या एखाद्या पोराला फेटा बांधून, तलवार देऊन सजवायचं आणि वाजतगाजत गंगेवर जायचं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) टाकाला स्नान घातलं की वीर घरी परत येतो आणि पुन्हा देव्हाऱ्यात बसतो. टाक म्हणजे तळहाताहून लहान असा धातूचा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली आकृती असते, बहुतेक वेळा घोड्यावर बसलेली आणि हातात शस्त्र घेतलेली.

काही वर्षांपूर्वी रामकुंडावर टाक धूत बसलेल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, तुमच्या वीराचं नाव काय होतं?" त्या म्हणाल्या, "वीरच म्हणतो बाई आम्ही. लढाईत पडला, एवढं सासूबाईंनी सांगितलेलं."

ते उत्तर मनातून गेलं नाही. स्नान टिकलं, नैवेद्य टिकला, मिरवणुकीतला मान टिकला. नाव तेवढं वाटेत कुठेतरी गळून गेलं.

मी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात वाढले. तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई म्हणायची, "चालू झालं यांचं." लष्कर आमच्या शेजारपाजारचं. त्यामुळे लढाईत गेलेल्या माणसाची आठवण कुठे ठेवतात, कोण ठेवतं, कोणत्या नियमाने ठेवतं, हे आपल्याला माहीतच आहे असं मी धरून चालले होते. मग एकदा पुण्याला खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेले. तिथल्या स्मारकावरच्या नावांमागची नोंद पाहताना आमच्याच गावाचं नाव दिसलं. माणूस पहिल्या महायुद्धात गेलेला, दफन देवळालीत आणि नाव मात्र सुमारे दोनशे किलोमीटरवर खडकीत. हे असं का, याचा माग काढताना जे समजत गेलं ते इथे सांगते.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण बोलताना ते आपण एकात एक मिसळतो. कँटोन्मेंटची दफनभूमी म्हणजे छावणीच्या गावातली जुनी जागा. तिथे शिपायाशेजारी एखाद्या साहेबाचं सहा महिन्यांचं मूलही पुरलेलं असतं. युद्ध दफनभूमी म्हणजे महायुद्धांत गेलेल्या सैनिकांसाठी खास राखलेली जागा. आणि स्मारक म्हणजे जिथे देह असलाच पाहिजे असं नाही, नाव असलं की पुरे, अशी जागा. पहिल्या जागेतली माणसं तिसऱ्या जागेत कशी जाऊन पोहोचली, हाच तर आपला प्रश्न आहे.

पण देवळालीत इतके गोरे शिपाई मेले कशाने? इथे तर लढाई झाली नव्हती.

इंग्रजांच्या काळात देवळाली ही सैनिकांची ये-जा करण्याची छावणी होती. विलायतेहून जहाजाने मुंबईला उतरलेल्या पलटणी इथे येऊन थांबत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत इथेच राहत. सैनिकांची जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. हंगामाचं शेवटचं जहाज गेल्यावर ज्याची मुदत संपली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. काम नाही, घरची ओढ, आणि जोडीला हिवताप. त्यातून काहींची डोकी फिरली. इंग्रजीत आजही सैरभैर झालेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. तो शब्द आमच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मूळ शब्दप्रयोग 'डुलाली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्तानी 'तप', आपला ताप. हा शब्द लोक गंमत म्हणून सांगतात, पण मला तो ऐकवत नाही. त्यामागे विशी-पंचविशीतली, घरी जायला निघालेली आणि घरी न पोहोचलेली मुलं आहेत.

पहिल्या महायुद्धात देवळालीत मोठी लष्करी इस्पितळं होती. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवरून जखमी आणि आजारी माणसं मुंबई बंदरातून इथे आणली जात. जी वाचली नाहीत ती इथल्या मातीत राहिली.

आता नियमांकडे येऊ. १९१७च्या मे महिन्यात इंग्लंडच्या राजाच्या सनदेने एक आयोग स्थापन झाला. त्यामागे फेबियन वेअर नावाच्या गृहस्थांची खटपट होती. ते रेडक्रॉसच्या एका तुकडीबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर होते. तिथे कोण कुठे पुरला जातोय याची धड नोंदच होत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि स्वतःच यादी करायला घेतली. त्या यादीतून उभा राहिलेला आयोग १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने ओळखला जातो. आज तो जगभरच्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आणि स्मृतिस्थळं सांभाळतो.

या कमिशनने सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवल्या, आणि त्या वेळी त्यावर विलायतेत मोठा वाद झाला. पहिली गोष्ट, देह मायदेशी नेऊ दिला जाणार नाही. श्रीमंताला परवडेल आणि गरिबाला नाही, असं व्हायला नको हे त्यामागचं कारण. दुसरी, सेनापती असो की साधा शिपाई, शिळा एकाच मापाची. ती उंचीला सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदीला ३८, आणि पाणी निथळून जावं म्हणून वरची कड किंचित गोलाईची. तिसरी, प्रत्येकाचं नाव कायमस्वरूपी कोरलं जाईल, कबरीवर, आणि कबर नसेल तर स्मारकावर.

शिळेवर काय असतं तेही बघण्यासारखं आहे. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय. त्याखाली धर्माचं चिन्ह. हिंदू सैनिकाच्या शिळेवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' असं कोरलेलं असतं. तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची, शब्दांमधली रिकामी जागासुद्धा धरून. सुरुवातीला या ओळीचे अक्षरामागे साडेतीन पेनी घरच्यांकडून मागितले जात. मुलगा गेलेली आई पैशाच्या हिशेबाने शब्द मोजत बसली असेल, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला पुढे वाचवत नाही. नंतर ही रक्कम ऐच्छिक झाली. प्रत्येक ठिकाणी उभी शिळाच असते असं नाही. आपल्या ईशान्येकडे कोहिमाला जमिनीलगत बुटका चौथरा असतो आणि त्यावर धातूची पाटी बसवलेली असते.

ओळख पटली नाही अशा देहाच्या शिळेवर काय लिहायचं, हे रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवलं. 'महायुद्धातला एक सैनिक', आणि खाली अर्थ असा की, देवाला ठाऊक असलेला. किपलिंग यांचा स्वतःचा मुलगा १९१५मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत गेला होता आणि त्याचा देह त्यांना हयातीत मिळाला नाही.

मग देवळालीचं काय झालं? पहिल्या महायुद्धातल्या कबरी हिंदुस्थानभर पसरलेल्या होत्या. जिथे छावणी तिथे चार-दोन किंवा चाळीस-पन्नास. या शेकडो जागांवर कायमचा माळी, कायमची डागडुजी करणं कमिशनला शक्य नव्हतं. म्हणून जिथे कबरींची नीट देखभाल होण्यासारखी राहिली नाही, तिथल्या माणसांची नावं मोठ्या स्मारकांवर नेण्यात आली. आपल्या बाजूचं असं स्मारक खडकीत आहे, तसंच मद्रासला आणि कराचीला आहे. खडकीच्या या १९१४-१९१८ स्मारकावर १,८०० हून जास्त नावं आहेत, आणि ती आजच्या भारतातल्या व पाकिस्तानातल्या निरनिराळ्या दफनभूमींत पुरलेल्यांची आहेत. म्हणजे हाडं देवळालीतच राहिली, नाव तेवढं खडकीला गेलं. एका बाबतीत वेगळं झालं. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतल्या ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२मध्ये खरोखर उकरून खडकीला आणले आणि तिथे पुन्हा पुरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी वेगळी रीत झाली. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल होणार नाही, तिथले देहच हलवून खडकीत आणले गेले. त्यासाठीच ती युद्ध दफनभूमी तयार झाली. तिथे दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण विसावले आहेत. म्हणून एकाच आवारात दोन तऱ्हा दिसतात. हिरवळीवरच्या रांगांत ज्यांच्या शिळा आहेत ते खाली खरोखर आहेत, आणि स्मारकावर ज्यांची नावं आहेत त्यांतले बरेच जण तिथे नाहीत. ते अजून देवळालीसारख्या एखाद्या छावणीच्या मातीत आहेत.

नाव कोणाचं लागतं, यालाही तारखांची चौकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सैन्याच्या नोकरीत असताना माणूस गेला, तर तो गोळीने गेला, कॉलऱ्याने गेला की घोड्यावरून पडून गेला, हे बघितलं जात नाही. हिवतापाने देवळालीत गेलेला शिपाईही त्यात बसतो. मला हा नियम माणुसकीचा वाटतो. पुढे आपल्याकडच्या नियमाबद्दल सांगेन, तेव्हा हा लक्षात असू द्या.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण खरी ठेच इथे लागते.

हिंदू आणि शीख सैनिकाचं बहुधा दहनच होतं. कबर नाही, म्हणजे शिळा नाही. राख वाहत्या पाण्याला देणारे आपण. त्यासाठी तर देशभरातून लोक आमच्या रामकुंडावर येतात. विधी झाला की तीर्थोपाध्याय चोपडी उघडतात आणि विचारतात, गाव कोणतं, आजोबांचं नाव काय, तुमच्याआधी घरातून कोण येऊन गेलं. मग शंभर वर्षांपूर्वी आलेल्या पणजोबांची सही बोटाने दाखवतात. देह गेला, राख गेली, पण नाव चोपडीत राहिलं. आपल्याकडे ही सोय आहेच. तेव्हा कबर नसलेल्या सैनिकासाठी स्मारकावर नाव कोरणं हे आपल्या रीतीला धरूनच होतं.

आणि काही ठिकाणी ते मनापासून केलं गेलं. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे ७ ऑक्टोबर १९२७ला भारतीयांसाठीचं स्मारक खुलं झालं. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४,७०० हून जास्त भारतीय सैनिकांची आणि कामगारांची नावं तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धातलं आपल्या ओळखीचं उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचं. मराठा पलटणीचे हे रायगडकडचे वीर १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव आहे ते इटलीतच, कॅसिनोच्या स्मारकावर. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

पण इराककडे बघा. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कुत अल अमारा इथे वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार आणि रोगराई सोसून शेवटी २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, आणि त्यानंतरच्या कैदेत किती तरी जण गेले. या आघाडीवर कबर नसलेल्यांसाठी १९२९मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्याच्याशी ४०,००० हून जास्त मृतांची स्मृती जोडलेली आहे. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांची मात्र नावं न कोरता पलटणीच्या नावाखाली आकडा लिहिला. अमुक पलटण, आणि आणखी इतके जण.

सेनापतीला आणि शिपायाला एकच माप, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कमिशनने हे केलं. ते लपूनही राहिलेलं नाही. कमिशनने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१मध्ये आला, आणि त्यात हे स्पष्ट लिहिलं गेलं. भारत, आफ्रिका आणि वसाहतींमधल्या अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं. शिवाय किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदच झाली नाही किंवा मुळीच स्मरण झालं नाही. यात आफ्रिकेतले हमाल आणि मजूर मोठ्या संख्येने आहेत. कमिशनने त्याबद्दल माफी मागितली.

बसऱ्याचं ते स्मारकही मूळ जागी नाही. १९९७मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते बंदराजवळून उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभारलं.

ब्रायटनची छत्री हे आणखी एक उदाहरण. इंग्लंडच्या या किनाऱ्यावरच्या गावात जखमी भारतीय सैनिकांची इस्पितळं होती. तिथे मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं. त्या जागी संगमरवराची सुंदर छत्री बांधली आणि १९२१मध्ये ती खुली झाली. छत्रीवर त्यांचा गौरव आहे, पण नावं नव्हती. त्या ५३ जणांची नावं शेजारच्या शिळेवर कोरली गेली ती सप्टेंबर २०१०मध्ये. जवळजवळ नव्वद वर्षांनी.

महाराष्ट्रातही हेच घडलं. पहिल्या युद्धानंतर सरकारने अनेक गावांत छोटे दगड बसवले. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. तिथला दगड ४६ जणांच्या बलिदानाची साक्ष देतो. असा दगड आपल्या बाजूच्या एखाद्या जुन्या गावात चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत दिसला, तर त्यावर आकडा दिसेल. नावं त्या काळी गावाला तोंडपाठ असतील, म्हणून लिहायची गरज वाटली नसेल. शंभर वर्षांनी आकडा वाचता येतो, आणि नावं सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

आपल्या वीरगळांचंही असंच झालं. गावाच्या वेशीवर किंवा मारुतीच्या पारापाशी उभा असलेला तो चौकटी-चौकटींचा दगड बहुतेकांनी पाहिला असेल. तो खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, कधी गाई पळवणाऱ्यांशी झुंज. मधे अप्सरा वीराला वर नेताहेत. सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती आहे. आपण 'धारातीर्थी पडला' म्हणतो त्यातली कल्पना हीच. तलवारीची धार हे तीर्थ, आणि तिथे देह ठेवला की थेट स्वर्ग. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. पुढे गाव त्याला शेंदूर लावतं, थरावर थर चढतात, वीराचा चेहराही बुजतो आणि त्याचा देव होतो. लोकांची भक्ती खरी आहे, त्यात खोट काढायची नाही. पण तो कोण होता, हे त्या शेंदराखाली कायमचं झाकलं जातं.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगते. दिल्लीचं इंडिया गेट १९३१चं, इंग्रजांनी बांधलेलं. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांसाठी. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक गेले, त्या मानाने इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत. १९७१च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ला तिथे अमर जवान ज्योती पेटली. १९४७ नंतरच्या सैनिकांचं नावानिशी राष्ट्रीय स्मारक मात्र आपल्याला २५ फेब्रुवारी २०१९ला मिळालं. राष्ट्रीय युद्ध स्मारक एकात एक अशा चार वर्तुळांचं आहे. मधे अमर चक्र आणि ज्योत, मग वीरता चक्र, मग त्याग चक्र, आणि बाहेर झाडांचं रक्षा चक्र. नावं त्याग चक्रात आहेत, ग्रॅनाइटच्या पाट्यांवर, चक्रव्यूहासारख्या रचनेत. सुरुवातीलाच २५,९४२ नावं होती. इंडिया गेटची ज्योत २१ जानेवारी २०२२ला या नव्या ज्योतीत मिळवली गेली.

इथे मघाचा नियम आठवा. आपल्याकडे या स्मारकावर युद्धांत आणि लष्करी मोहिमांत कामी आलेल्यांची नावं आहेत. छावणीत तापाने गेलेल्याचं नाही. लष्करी कागदांत त्यासाठी दोन खाने असतात. 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणजे शत्रूशी लढताना किंवा मोहिमेच्या कामात झालेला मृत्यू, आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणजे इतर कारणांनी झालेला. आपण सगळे ज्याला शहीद म्हणतो, तो शब्द सरकार अधिकृतपणे वापरत नाही. हे संसदेतही सांगितलं गेलं आहे. नाव कोरलं जाणार की नाही, कुटुंबाला कोणतं निवृत्तिवेतन मिळणार, हे खान्यावर ठरतं. आमच्या गल्लीत निवृत्त गनर, म्हणजे तोफखान्यातले सैनिक, बरेच आहेत. त्यांतले एक सुभेदारसाहेब म्हणाले, "ताई, बर्फात पाय घसरून गेलेला पोरगा आणि गोळी लागून गेलेला पोरगा, दोघांच्या आईचं रडणं सारखंच असतं. पण फॉर्म वेगळा असतो." नियमाला कुठेतरी रेघ मारावी लागते हे मला समजतं. तरी देवळालीत तापाने गेलेल्या परक्या शिपायासाठी मारलेली रेघ जास्त मोठ्या मनाची होती, असंच मला वाटतं.

आणखी एक बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. पूर्वी सैनिकाचे अंत्यसंस्कार बहुधा सीमेवरच होत आणि घरी तार येई. १९९९च्या कारगिल युद्धापासून तिरंग्यात गुंडाळलेला देह गावी आणण्याची रीत पडली. म्हणून आता गावोगाव स्मारकं उभी राहतात, कमानी लागतात, शाळांना नावं दिली जातात. कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. द्रासमधल्या ५१४० नंबरच्या शिखराला २०२२मध्ये 'गन हिल' हे नाव दिलं, ते त्या गनरांसाठी. तोफखान्यात वेगळा ध्वज नसतो, तोफ हाच त्यांचा ध्वज मानतात. नाशिकरोडला प्रशिक्षण घेऊन, शपथ घेऊन बाहेर पडलेल्या पोरांसाठी नकाशावरचं एक अख्खं शिखर म्हणजे साधी गोष्ट नाही.

आता, ज्यांच्या घरात 'आमचे पणजोबा लढाईवर गेले होते' एवढीच आठवण आहे, त्यांच्यासाठी. कमिशनची यादी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट बघता येते. भारतीय सैनिकाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. शोधताना नाशिकचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, शेवटी के असलेलं. आडनाव सापडलं नाही तर सोडून देऊ नका. तेव्हाच्या कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं, आणि कित्येकदा आडनाव नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. पलटण आणि नंबर ठाऊक असेल तर काम सोपं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा.

नंबर कुठून आणायचा? पदकाच्या कडेवरून. पहिल्या महायुद्धाचं 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं होतं. मजूर आणि हमाल तुकड्यांना तेच कांस्याचं मिळालं. त्याच्या जाडीवर, म्हणजे रुपयाच्या कडेला जिथे रेघा असतात तिथे, मालकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भारतीय सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नाव असतं. दुष्काळात, लग्नकार्यात अशी किती पदकं चांदीच्या भावाने मोडीत गेली असतील. घरात असं काही असेल तर चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजतात. सुक्या मऊ कापडाने पुसा आणि उन्हात तिरकं धरून वाचा.

मागच्या वर्षी रामकुंडावरच्या त्या आजींच्या सुनेने मला घरी बोलावलं. टाकाबरोबर देव्हाऱ्यात 'राणीचा रुपया' म्हणून एक नाणं पुजलं जात होतं, हळदी-कुंकवाने माखलेलं. नाणं ते नव्हतंच. वरच्या बाजूला पट्टी अडकवायची कडी होती आणि एका बाजूला राजाचं डोकं. आम्ही गच्चीवर गेलो. सुनेने ते बोटांत धरलं, मी भिंग धरलं आणि तिच्या लेकाने वहीत एकेक अक्षर उतरवून घेतलं. एका ठिकाणी कुंकू इतकं घट्ट बसलं होतं की दोन अक्षरांसाठी अर्धा तास गेला. आधी नंबर आला. मग सिपाही. मग नाव. मग मराठा पलटण.

देव्हाऱ्यातला टाक फार जुना असावा, आणि त्याच्यामागोमाग या शिपायालाही घराने वीरच म्हणायला सुरुवात केली असणार. नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. आजींना आता कमी ऐकू येतं. पोराने वही त्यांच्यासमोर धरून मोठ्याने वाचलं. त्यांनी त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग स्वतः ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.